तिसऱ्या टाकीतली कॉफी

न्यागुथीची जीप किआंगुंडोच्या कॉफी कारखान्यात शिरली, तेव्हा मुरेगीच्या गळ्यात टायर होता आणि वाहोमेच्या हातात पेट्रोलचा डबा. सकाळचे सात वाजले होते.

न्यागुथी उतरली ती पिस्तूल काढूनच. तिनं हवेत एक गोळी झाडली. गर्दी दोन पावलं मागं सरली, तिसरं काही सरली नाही.

"इन्स्पेक्टरबाई, मध्ये पडू नका!" वाहोमे ओरडला. "माझ्या भावाचं डोकं फोडलंय या कुत्र्यानं!"

"कशावरून?"

"कोयता याचाच. आणि काल संध्याकाळी सगळ्यांदेखत म्हणाला, 'थेउरी, तुझा मुडदा पाडीन.' अजून काय हवं? फोटो?"

थेउरी म्हणजे वाहोमेचा भाऊ, कारखान्याचा मॅनेजर. मुरेगीनं तोडून आणलेली फळं त्यानं काल हिरवी म्हणून परत केली आणि वर मुस्काटात मारली. आज साडेसहाला कॉफीच्या साली टाकायच्या खड्ड्यापाशी कुत्री भुंकायला लागली. बघतात तर आत थेउरी, आणि शेजारी मुरेगीचा कोयता.

मुरेगीचे पुढचे दोन दात पडले होते. एक डोळा सुजून मिटला होता. "ताई, मी घरी झोपलो होतो हो. कोयता काल फाटकावरच राहिला माझा."

खरंही असेल. आमच्याकडे कारखान्यात कोयता नेत नाहीत, फाटकाशी ठेवून आत यायचं. रागाच्या भरात माणूस विसरून जातो. पण ऐकतंय कोण? आमच्या लोकांचं डोकं फिरलं की तपास, खटला, शिक्षा सगळं त्या एका टायरात उरकतं. लाज वाटते सांगायला, पण आहे हे असं आहे.

"एक तास," न्यागुथी म्हणाली. "तोवर जो काडी ओढील त्याच्या गुडघ्यात गोळी घालीन. किप्रोनो, इथून हलायचं नाही."

हवालदार किप्रोनो रायफल घेऊन मुरेगीच्या पुढ्यात उभा राहिला. 

थेउरीच्या डोक्यावर तीन घाव होते. तिसऱ्यानं कवटी उघडली होती. त्याच्या केसांत आणि कॉलरमध्ये कॉफीच्या ओल्या बिया चिकटलेल्या होत्या. खड्ड्यात तर नुसत्या सालीच होत्या.

न्यागुथी टाक्यांकडे गेली. साल काढलेली कॉफी रात्रभर इथं आंबते, मग धुतली जाते; वेळ टळली तर नासते. तिसऱ्या टाकीच्या बाहेरच्या भिंतीवर रक्ताचे शिंतोडे होते. आतल्या कडा मात्र लख्ख, बियांवरही डाग नाही. तिनं मूठभर बिया चोळल्या. बुळबुळीत होत्या, म्हणजे अजून तयार नव्हत्या. ती कॉफीवाल्यांचीच लेक, तिला ते कुणी सांगायला नको होतं.

सालींच्या ढिगामागं, केळीच्या पानांखाली, तिला पोतंभर बिया सापडल्या. रक्तानं माखलेल्या. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. त्यात पांढरट ताज्या बिया होत्या, तशा काळ्या, कुजक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्याही होत्या. तोच वास तिला पलीकडं उभ्या असलेल्या वाहोमेच्या लॉरीपाशीही आला. मागच्या फळीला काळा चिकटा लागला होता.

टाकीच्या कठड्यावर म्हातारा गाथोगो चहाचा मग धरून बसला होता. चाळीस वर्षं कॉफी धुण्याचं काम त्याच्याकडं. टाकी कधी उघडायची हे त्याचा हात ठरवायचा, घड्याळ नाही.

"बाबा, तुम्ही कधी आलात?"

"आत्ता, आरडाओरडा ऐकून."

"घरून?"

"मग काय, या वयात सासुरवाडीहून?"

"टाकीत हात घातलात का आज?"

"अजून कुठं? गर सुटायला नऊ वाजतील."

मगाभोवती त्याची बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली होती, दिवसभर धुणं धुतलेल्या बाईसारखी.

"यंदा कशी आहे कॉफी?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "पोरी, चाळीस वर्षांत अशी झाली नाही. आधी लिंबाची धार, मागून जांभळाची गोडी. परदेशचे चाखणारे येतायत पुढच्या आठवड्यात. याच टाकीची चाखणार."

"तुम्ही चाखलीत?"

"छे! आपण चहावाले. पण नाकाला कळतं ना."

तेवढ्यात फाटकाकडून दगड आला आणि मुरेगीच्या कपाळावर बसला. रक्ताची धार लागली. गर्दी ओरडत पुढं आली, किप्रोनोची रायफल दोघांनी धरली. वाहोमेनं मुरेगीच्या डोक्यावर पेट्रोल ओतलं.

"कुणाकडं काडी आहे रे?"

न्यागुथी घसा फोडून ओरडली, "थांबा! आधी तिसरी टाकी सोडा! सगळी कॉफी खड्ड्यात जाऊ द्या. माणसाचं रक्त पडलंय तिच्यात!" आणि तिनं टाकीच्या झडपेला हात घातला.

"खबरदार!" गाथोगोनं हातातला मग फेकून तिचं मनगट धरलं. "रक्ताचा एक दाणा नाही तिच्यात! एकूण एक मी हातानं वेचून..."

तो थांबला. गर्दीही थांबली.

"बोला ना बाबा," न्यागुथी म्हणाली. "की मी सांगू?"

म्हाताऱ्यानं तिचं मनगट सोडलं. ती गर्दीकडं वळली.

"थेउरी खड्ड्यात मेला नाही. तो या टाकीवर मेला आणि टाकीत पडला, म्हणून केसांत बिया. आता मला सांगा, मुरेगीनं मारलं असतं तर त्यानं काय केलं असतं? पळाला असता. या कारखान्यानं त्याची फळं नाकारली, कॉफी नासली तर त्याला आनंदच. पण इथं खुन्यानं प्रेत बाहेर काढलं, फाटकावरचा कोयता खड्ड्यात टाकला आणि मग दोन-तीन तास बसून रक्ताळलेल्या आणि कुजक्या बिया वेचल्या. टाकीच्या आतल्या कडा पुसल्या.  भिंतीकडं मात्र बघितलंसुद्धा नाही, कारण भिंत कुणी पीत नाही. मुडद्याशेजारी बसून कॉफीची काळजी कोण करील? आणि बाबा, टाकीत हात न घालता बोटं अशी होतात होय?"

"पण माझ्या भावाला का मारलं यानं?" वाहोमेचा आवाज खाली आला होता.

"ते तुला ठाऊक आहे. गळून सडलेली कॉफी तुझ्या मळ्यातली, आणली तुझ्या लॉरीनं. थेउरी ती पहाटे या टाकीत खपवत होता."

वाहोमेनं डबा खाली ठेवला. आसपासची माणसं त्याच्यापासून बाजूला झाली.

"एक पोतं ओतलं त्यानं," गाथोगो हळूच म्हणाला. "मी पाया पडलो. म्हटलं, एक कुजका दाणा पेला नासवतो, हे तर पोतं आहे. हसला. म्हणाला, म्हाताऱ्या, तू काय बाप आहेस का तिचा? दुसरं पोतं उचललं. मग माझ्या हातात कोयता कसा आला... फाटकापर्यंत चालत गेलो असणार मी. आणि परतही आलो."

किप्रोनोनं मुरेगीच्या गळ्यातला टायर काढला. मुरेगी लंगडत म्हाताऱ्यापुढं येऊन उभा राहिला. त्याच्या केसांतून पेट्रोल ठिबकत होतं.

"बाबा, हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. तुम्ही चहा पीत होता."

"मी कबूल करणारच होतो रे," गाथोगो म्हणाला. "नऊ वाजता. टाकी धुऊन झाली की लगेच."

"नऊला माझी राख झाली असती."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढं केले. न्यागुथीनं त्याला बेड्या घातल्या, तेव्हा गर्दी त्याच्यावर धावली. तिला दुसरी गोळी झाडावी लागली. जीप फाटकातून निघाली, तेव्हा तो खिडकीतून मान बाहेर काढून ओरडत होता, "वेळ होत आली रे! झडप उघडा! कुणीतरी धुवा तिला!"

कुणी जागचं हललं नाही. मुरेगी टाकीला पाठ टेकून खाली बसला, आणि त्याला तिथून उठ म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही. दुपारपर्यंत टाकीतून आंबूस घाण सुटली.