तांबडा थर

हॉलिस प्रुएटच्या डाव्या तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी, एक घट्टा होता. अठरा मिलिमीटर लांब, नऊ मिलिमीटर रुंद, मधोमध किंचित पिवळट. ऑटिली ब्रॉखने तो मोजला ते पुढे. पहिल्यांदा तिने तो नुसता पाहिला, एप्रिलमधल्या एका पावसाळी मंगळवारी, जेव्हा तो हात तिच्या टेबलाखाली घरंगळत आलेला एक टायर ओढून काढत होता.

"माफ करा," टेबलाखालून आवाज आला. "जिन्यात हातातून सुटला."

"गोदाम समोरच्या इमारतीत आहे," ती म्हणाली. "ही प्रयोगशाळा."

"मग बरोबर ठिकाणी आलाय. बिचाऱ्याला बरं नाहीये."

ऑटिली हसली नाही. अ‍ॅक्रनमधल्या त्या रबराच्या कारखान्यात रसायनशास्त्र शिकलेली ती एकटीच बाई होती, आणि कामाच्या वेळी हसल्यावर लोक काय काय समजतात ते तिला ठाऊक होतं. तिने भिंग लावून टायरवरची चीर पाहिली आणि मान वर न करता विचारलं, "किती मैल?"

"एकशे बारा. मातीच्या ट्रॅकवर. तेरावा मैल संपला तेव्हा एक दगड लागला होता."

आता मात्र तिने मान वर केली. मैल लक्षात ठेवणारा माणूस तिच्याकडे आजवर आला नव्हता. याच्या केसांतून पाणी निथळत होतं आणि डोळ्यांभोवती, गॉगलच्या जागी, गोरी वर्तुळं राहिली होती.

शर्यतीच्या गाडीत दोघं बसत. मॅकार्डल गाडी चालवायचा आणि हॉलिस त्याच्या डावीकडे मेकॅनिक म्हणून बसायचा. डाव्या हाताने सतत हातपंपाचा दांडा मारून इंजिनाला तेल पाजायचं आणि मान वळवून मागच्या टायरांवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. टायर गेला असं वाटलं की ड्रायव्हरच्या गुडघ्यावर दोन थापा मारायच्या. थांबायचं की नाही, ते ड्रायव्हर ठरवणार.

त्या दिवसापासून दर शर्यतीनंतर हॉलिस झिजलेला टायर घेऊन येऊ लागला. गोदामाचा रस्ता त्याला काही केल्या सापडेना. ऑटिली काचेच्या चंचुपात्रात कॉफी करायची. तो ती आधी संशयाने हुंगायचा, मग प्यायचा. तो तिला डॉक्टरीणबाई म्हणायचा.

"डॉक्टरीणबाई, टायरांसारखं कधी माणसांकडेही बघत जा."

"माणसांवर मैल लिहिलेले नसतात."

"असतात की," म्हणत त्याने डावा तळहात तिच्यासमोर पसरला.

तिने मापक उचलला आणि घट्टा मोजला. अगदी नीट, दोनदा. दुसऱ्यांदा मोजायची खरं तर गरज नव्हती... ते दोघांनाही कळलं. जूनपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

ऑगस्टमध्ये एक टायर हॉलिसने आणला नाही. तो हातगाड्यावरून आला. दुसऱ्याच गाडीचा होता. ती वळणावर कठडा तोडून गेली होती, आणि तिच्यातले दोघंही गेले होते. टायरच्या कडेत वाळलेलं गवत अडकलं होतं. ऑटिलीने चिमट्याने एकेक काडी काढली, वेगळ्या बशीत ठेवली आणि मग टायर कापला. रबर झिजून आतलं कापड उघडं पडलं होतं. मेकॅनिकने मान वळवून पाहिलं असणारच. पण रबर काळं, कापड मळून काळं. ताशी ऐंशी मैलांच्या धुळीत त्याला काय दिसणार?

त्यानंतर सात आठवडे ती एकाच गोष्टीमागे लागली होती. रबर आणि कापड यांच्या मध्ये तिने पातळ तांबडा थर घातला. तांबडं दिसलं की वरचं रबर संपलं, थांबायचं.

"हे माझ्यासाठी?" हॉलिसने विचारलं.

"सगळ्यांसाठी," ती म्हणाली. मग म्हणाली, "आधी तुझ्यासाठी."

ऑक्टोबरमध्ये छपराखाली उभं राहून पाऊस थांबायची वाट बघताना त्याने तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, हंगाम संपू दे. हंगाम संपल्यावर म्हणाली, वसंत येऊ दे. वसंतात तिला आकडे अपुरे वाटले. त्याने हसून विचारलं, माणसाला हो म्हणायला साधारण किती आकडे लागतात? तिला ते गवत आठवायचं. 'हे काम सोड' असं म्हणावंसं वाटायचं. पण शर्यतीबद्दल बोलताना त्याचा चेहरा कसा उजळतो तेही तिने पाहिलं होतं. मग ती दोन्ही वाक्यं गिळायची — सोड हेही, आणि हो हेही.

जुलैतल्या शर्यतीला ती पहिल्यांदाच स्वतः गेली. तिसऱ्या रांगेत बसली. शंभर फेऱ्यांपैकी एक्याण्णव झाल्या होत्या आणि मॅकार्डल सगळ्यांच्या पुढे होता. समोरून जाताना हॉलिस मान वळवून मागच्या उजव्या टायरकडे पाहत असलेला तिला दिसला. मग त्याचा हात ड्रायव्हरच्या गुडघ्यावर दोनदा पडला. मॅकार्डलने मान हलवली. नाही.

पुढच्या फेरीला तेच. पुन्हा नाही.

त्याच्या पुढच्या फेरीला गाडी आली तेव्हा हॉलिसचा डावा हात दांड्यावर नव्हता. दोन्ही हात त्याने डोक्याच्या वर, ड्रायव्हरला दिसतील असे धरले होते. रिकामे. पंपाचा दांडा गाडीच्या डाव्या अंगाला. मॅकार्डलचा हात तिथे पोचणं शक्यच नव्हतं. ऑटिलीच्या शेजारची बाई विचारत होती, हा कुणाला सलाम करतोय? ऑटिलीने टोपीचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

तेलावाचून इंजिन खडखडू लागलं. गाडी कशीबशी बाजूला आली आणि शर्यत दुसऱ्याच कुणीतरी जिंकली. टायर फुटला नव्हताच. लोकांनी हुर्यो उडवली. मॅकार्डलने सगळ्यांदेखत हॉलिसला भेकड म्हटलं आणि कामावरून काढून टाकलं.

सोमवारी सकाळी हॉलिस तो टायर घेऊन प्रयोगशाळेत आला. या वेळी जिन्यात तो घरंगळला नाही. मागोमाग मॅकार्डलही आला, ऑटिलीनेच निरोप धाडून बोलावलेला. फुगलेल्या चेहऱ्याने तो दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, बाई, लवकर आटपा.

तिने टायर कापला. तांबडा थरही कुठेकुठे पुसला गेला होता, आणि खालच्या पाच पदरी कापडापैकी एकच पदर शाबूत होता. तिने कानामागची पेन्सिल काढून मॅकार्डलच्या हातात दिली.

"दाबून बघा."

पेन्सिल आरपार गेली. मॅकार्डलने ती बाहेर काढली, मग भोकात बोट घातलं, आणि पलीकडे निघालेल्या स्वतःच्या बोटाकडे बराच वेळ पाहत राहिला. अजून किती चालला असता, त्याने विचारलं. एक वळण, ऑटिली म्हणाली, फार तर दोन. तिचा आवाज सरळ होता. हात मात्र तिने टेबलाखाली घेतले होते.

मॅकार्डलने टोपी काढली. "माझ्या घरी तीन मुली आहेत," तो हॉलिसला म्हणाला. "काल रात्रीचं जेवण मी त्यांच्याबरोबर केलं. ते तुझ्यामुळे. शनिवारी शर्यत आहे. तू असशील तर मी चालवीन. आणि दोन थापा मारल्यास तर थांबेन." जाताना तो ऑटिलीसमोर क्षणभर थबकला आणि चर्चमध्ये वाकावं तसा वाकला.

खोलीत दोघंच राहिली. हॉलिस टायरकडे बघत होता.

"तू नको म्हणालीस तर नाही जाणार," तो म्हणाला. "पण तुला सांगायचं होतं, टिली... मान वळवली आणि ते तांबडं दिसलं, तेव्हा मला भीती वाटलीच नाही. वाटलं, तूच बोलावते आहेस."

तिने त्याचा डावा हात हातात घेतला. घट्टा होता तिथेच होता. वर्षभर ती वेग मोजत होती, झीज मोजत होती. या माणसाला परत यायचं असतं, हे मात्र तिने कुठल्याच हिशेबात मांडलं नव्हतं. हात उबदार होता. त्या उबेबद्दल आभार कुणाचे मानायचे ते तिला कळेना, म्हणून तिने तो नुसताच गालाला लावला.

"शनिवारी जा," ती म्हणाली.

"आणि तुझं उत्तर? हंगाम संपल्यावर?"

"नाही," ऑटिली म्हणाली. "शुक्रवारी. आपण शुक्रवारी लग्न करू या."