रिकाम्या बाकांचा पाठ

आमच्या अध्यापक विद्यालयाला यंदा शंभर वर्षं होतात. स्मरणिकेत सुरुवातीच्या काळावर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. निवृत्त, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. रिकामटेकडी बाई अशा कामाला बरी. मलाही बरंच वाटलं. नाहीतर दिवसभरात दूधवाल्याशी काय दोन वाक्यं होतील तेवढीच.

सुट्टीतली दुपार होती. जुन्या इमारतीतली सराववर्गाची खोली शिपायाने उघडून दिली आणि तो चहाला गेला. आत खडूची धूळ आणि कोंदट लाकडाचा वास होता. सुरुवातीला एकही शाळा इथल्या शिकाऊ शिक्षकांच्या हाती आपली मुलं द्यायला तयार नव्हती. मग पहिल्या प्राचार्यांनी शक्कल काढली, रिकाम्या बाकांना शिकवायचं. प्रश्न विचारायचा, उत्तर यायला लागेल तितका वेळ थांबायचं, मगच पुढे जायचं. पुढे मुलं मिळाली, पण प्रथा राहिली. प्रत्येकाचा पहिला पाठ याच खोलीत, एकट्याने, दार लावून.

मी इथे शिकत होते तेव्हा तो दिलाच नाही. हसं होईल म्हणून तापाचं सोंग घेतलं आणि पुढे चौतीस वर्षं इतरांना शिकवायला शिकवलं. उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणा ना.

त्या दुपारी वाटलं, कोण बघतंय? दार लावलं, खडू घेतला.

"मुलांनो, नदी शेवटी कुठे जाते?"

थांबले. बाहेर कबुतर घुमत होतं, तेही गप्प झालं. मग तिसऱ्या बाकावरून, अगदी हळू...

"समुद्राकडे, बाई..."

माझी पाचावर धारण बसली. पण खरं सांगू? पाय दाराकडे वळले नाहीत. किती दिवसांनी कोणीतरी मला उत्तर दिलं होतं! मी दुसरा प्रश्न विचारला. मग तिसरा. बाक करकरत होते, कोणी खोकत होतं, कोणी शेजारच्याला दटावत होतं. दिसत कोणीच नव्हतं.

शिपायाने दार वाजवलं तशी मी खडू टाकून बाहेर आले. कुलूप लावता लावता तो थबकला.

"बाई, वर्ग सोडलात ना?"

"कसला वर्ग?"

"नाही... आमचे वडील इथेच शिपाई होते. ते म्हणायचे, बाक रिकामे असले तरी 'शाळा सुटली, जा घरी' असं म्हणायचं. नाही म्हटलं तर..." तो कुलपाकडेच बघत राहिला. "तर ती बिचारी पोरं बाईंच्या मागून जातात."

मी हसून चालू लागले. फाटकापाशी मागे पावलं वाजली, ती घरापर्यंत.

आता ती मुलं माझ्या बाहेरच्या खोलीत असतात. मी भिंतीवर फळा लावून घेतलाय. सकाळी गणित, दुपारी भूगोल. घर कसं भरल्यासारखं वाटतं. स्मरणिकेचा लेख तसाच पडलाय. वर्ग सोडायचे ते शब्द रोज ओठांवर येतात आणि मी गिळते. दुष्ट म्हणाल मला. म्हणा. तुमच्या घरी संध्याकाळी कोणीतरी येत असेल.

काल पहिल्यांदाच एकीने आपणहून तोंड उघडलं.

"बाई... आई हाक मारतेय. जाऊ?"

"हा धडा झाला की," मी म्हटलं आणि फळ्याकडे वळून पुढचा धडा लिहायला घेतला.

पाठीमागे दाराची कडी खडखडत होती. कोणाचा तरी हात पुरत नव्हता.