वगळलेले शब्द

लोखंड का गंजतं आणि ते गंजणं कसं लांबवता येईल, यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. संस्थेत तिला मागून ‘गंजताई’ म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. धाकटा भाऊ तर तोंडावरच म्हणायचा, “जगात ओल आहे तोवर आमच्या ताईच्या नोकरीला मरण नाही.”

त्याच धाकट्याच्या स्नायूंना आता एका दुर्मीळ आजाराने धरलं होतं. आधी पाय गेले, मग श्वास जड झाला. ताईने त्याला आपल्या घरी आणलं आणि खिडकीपाशी खुर्ची मांडून दिली. तोंडावर श्वासाच्या यंत्राचा मुखवटा लावून तो तिथे दिवसभर बसे. डॉक्टर म्हणाले, “नवीन काही निघालं तर बघू.”

हातावर हात धरून बसणं ताईला जमण्यासारखं नव्हतं. तिने संशोधक जे करतात तेच केलं, त्या आजाराच्या नावाने अलर्ट लावला. जगात कुठेही त्यावर नवा शोधनिबंध आला की सकाळी चहाबरोबर तो तिच्या लॅपटॉपवर हजर.

पण निबंध सगळे उंदरांवरचे. उंदीर बरे होत होते, माणसांचं कुणी नावच काढत नव्हतं. ताई वैतागली आणि तिने अलर्टच्या वगळायच्या शब्दांत ‘उंदीर’ घातला, म्हणजे तो शब्द असलेला निबंध येणारच नाही.

त्याच आठवड्यात नाश्त्याला बसलेला नवरा टुणकन उडाला.

“अगं, पायाशी बघ! उंदीर!”

ताईने वाकून पाहिलं. फरशी स्वच्छ होती. “कुठाय?”

“तुझ्या चपलेवर चढलाय की!”

धाकटा मुखवट्याआड खो खो हसत होता. त्यालाही दिसला होता म्हणे. पुढे रोज कुरतडलेला पाव ताईच्या हाती लागायचा, उंदीर मात्र कधीच नाही. तिने चष्म्याचा नंबर तपासून घेतला. तो होता तोच निघाला.

उरलेल्या निबंधांत एक शब्द फिरून फिरून यायचा. ‘मृत्यू’. अमुक वर्षांत मृत्यू, तमुक टप्प्यावर मृत्यू. समोर धाकटा गाणं गुणगुणत बसलेला, आणि इकडे तिच्या घशाखाली चहा उतरेना. एका सकाळी तिने तोही शब्द वगळला.

संस्थेतली शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, “जपून हं. वगळताना हवं तेही जातं.”

“जाऊ दे. चहा तरी गरम पिता येतो.”

त्यानंतरच्या सकाळी खरोखर शांत गेल्या. मग धाकट्याला धाप लागली आणि त्याला इस्पितळात हलवावं लागलं. नवरा तिथे थांबला, ताई कपडे न्यायला घरी आली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

“ऐकतेस ना? आत्ता डॉक्टर आले होते. त्याचा...”

पुढे काहीच ऐकू आलं नाही. खरखर नाही, रडणं नाही. ताई दोनदा ‘हॅलो’ म्हणाली आणि पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत आली. धाकटा खुर्चीत बसला होता. तोंडावर मुखवटा नव्हता.

“अरे! केव्हा आलास?”

“आत्ताच,” तो म्हणाला. किती मोकळा आवाज होता त्याचा! ताईला आनंदाने रडूच फुटलं.

माणसं भेटायला येऊ लागली. येत, तिचा हात हातात घेत, ओठ हलवत, आणि ताईला फक्त पंख्याची घरघर ऐकू येई. खुर्चीकडे कुणी बघतही नसे. याचा तिला फार राग येई.

एकदा मैत्रीण आली. तिच्या हातात एका निबंधाची प्रत होती. “हा तुला आला नव्हता? माणसांवरचाच आहे. महिना झाला येऊन.”

ताईने मथळा वाचला. ‘नव्या औषधाने रुग्णांच्या’, मग कोरी जागा, मग ‘प्रमाणात निम्म्याने घट’.

त्या जागी कोणता शब्द आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. “आजच डॉक्टरांना दाखवते,” ती घाईघाईने म्हणाली. “अजून वेळ गेलेली नाही.”

मैत्रिणीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचे ओठ हलले.

दुसऱ्या सकाळी ताई लॅपटॉप घेऊन धाकट्यासमोर बसली. त्याच्या चहावर साय धरली होती. पाव तसाच पडला होता.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही प्रयोगशाळेतली शिस्त. तिने वगळलेल्या शब्दांतून आधी ‘उंदीर’ काढला.

कपाटामागून एक उंदीर बाहेर आला.

अगदी घरचा असल्यासारखा तो खुर्चीकडे निघाला. धाकट्याचे पाय वाटेतच होते, लोकरी मोज्यांतले.

उंदीर वळला नाही.

ताईचं बोट दुसऱ्या शब्दावर गेलं.

“ताई,” धाकटा हळूच म्हणाला, “तो राहू दे.”

त्या शब्दाबद्दल त्याला तिने कधी सांगितलं नव्हतं.

तिने हात मागे घेतला. उंदीर खुर्चीखाली पावाचा चुरा खात होता. धाकट्याच्या मोज्यांच्या आरपार उंदराची शेपटी हलताना दिसत होती.