खंड्याची लोंबलेली शेपटी

चष्मेवाल्याने शटर वर केलं तर दुकानाच्या पायरीवर एक अनोळखी काळं कुत्रं बसलेलं. त्याला बघून ते उठलं आणि शेपटी हलवू लागलं. शेपटी हलली म्हणजे स्वागतच, असं समजून त्याने हात पुढे केला.

"हात मागे घ्या... सावकाश," मागून एक बाई म्हणाली.

"अहो, शेपटी हलवतोय की तो."

"हलवतोय, पण कशी? काठीसारखी वर ताठ धरलीय आणि नुसतं टोक थरथरतंय. हे स्वागत नाही, ताकीद आहे. हात लावलात तर उद्यापासून डाव्या हाताने चष्मे बसवाल."

ती कुत्र्याकडे पाठ करून उगाच आभाळ बघत उभी राहिली. हळूहळू काठी खाली आली आणि कुत्रं आपल्या वाटेने गेलं. मग तिने पर्समधून तुटका चष्मा काढला. एका विद्यार्थ्याने काडी चावली होती म्हणे.

गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात ती कुत्र्यांना शिकवी. चष्म्याची काडी बसवून झाली तरी चष्मेवाला सुट्टीच्या सकाळी मैदानाच्या कुंपणाला टेकून उभा राहू लागला. कुत्र्यांचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता, हे तिलाही कळत होतं. पण ती मन लावून शिकवी. आधी कुत्रं निवांत असताना शेपटी कुठे असते ते बघायचं, मग पुढचं. शिकारी जातीचं सडपातळ कुत्रं चाबकासारखी शेपटी मुळातच पायांत धरतं, लोक उगाच त्याला भित्रं म्हणतात. शेपटी उजवीकडे जास्त झुकली तर बहुधा खुशी, डावीकडे झुकली तर धास्ती. उजवी म्हणजे कुत्र्याची उजवी, बघणाऱ्याची नव्हे, हे तिला त्याला पुन्हापुन्हा सांगावं लागे. ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं...

एकदा पाठीवर गोल वेटोळं घातलेली शेपटी बघून तो म्हणाला, "नळीत घातली तरी वाकडीच."

"नळी कशाला? घाबरला की आपोआप सरळ होते," ती म्हणाली. "आणि ते बघवत नाही."

तो नवा शर्ट घालून आला की ती म्हणे, "आज स्वारीची शेपटी जरा वर दिसतेय." तो लाजून कुंपणाच्या तारा मोजू लागे. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही आठवत नाही.

मग तिला दुसऱ्या गावातल्या कुत्र्यांच्या मोठ्या शाळेतून बोलावणं आलं. तिथेच तिची मावशी राहत होती आणि मावशीने एक स्थळही बघून ठेवलं होतं. आठवडाभर जाऊन बघून येते, असं म्हणून तिने आपला खंड्या त्याच्याकडे ठेवला. खंड्या तपकिरी, शेपटी बुंध्याशी जाड, आणि पाणी दिसलं की उडी ठरलेली. निघताना ती दारात घुटमळली. "हा तुझ्याकडे रमला, तर..." म्हणाली, आणि पुढे काही न बोलता गेली.

त्या अर्ध्या वाक्यावर चष्मेवाल्याने अख्खा इमला बांधला. खंड्या रमला की ती आल्याबरोबर विचारायचं. त्याने कुत्र्याचे इतके लाड केले की विचारू नका. एक दिवस दुकान बंद ठेवून तो त्याला तळ्यावर घेऊन गेला. गार पाण्यात खंड्या अंधार पडेपर्यंत पोहला.

दुसऱ्या दिवशी खंड्याची शेपटी ओल्या दोरीसारखी लोंबत होती. हाक मारली, खाऊ दिला, डोकं कुरवाळलं... पण ती हलायचं नाव घेईना. बसतानाही तो कुरकुरला. जे शिकला होता ते सगळं चष्मेवाल्याने आठवून पाहिलं. त्याला एकच अर्थ लागला.

ती परत आली तेव्हा खंड्या टेबलाखाली शेपटी अंगाखाली घेऊन पडला होता.

"नाही रमला तो माझ्याकडे," चष्मेवाला भिंगं पुसत म्हणाला.

"आणि तू?"

"मी काय... नोकरी चांगली आहे तुझी."

ती खंड्याला पट्टा अडकवून निघून गेली.

महिन्याभराने ती जादा चष्मा करून घ्यायला आली. सामान बांधून झालं होतं. तिच्या हातातला पट्टा सुटला आणि खंड्या थेट त्याच्या अंगावर झेपावला. शेपटीच काय, कमरेपासून मागचा सगळा कुत्रा हलत होता.

"पण हा तर माझ्यावर रुसला होता..." चष्मेवाला म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "तळ्यावर नेलं होतंस ना? गार पाण्यात फार पोहलं की शेपटीचे स्नायू आखडतात. दुखते, हलवता येत नाही. घरी नेल्यावर कळलं मला. दोन-चार दिवसांत बरा झाला. वाटलं, निदान कुत्र्याची चौकशी करायला तरी येशील."

"मला वाटलं, तुझं उत्तर तो देईल. मी विचारणार होतो तुला... तू परत आल्याबरोबर."

"मी होते ना इथे. मला का नाही विचारलंस?"

तिने मावशीला होकार कळवला होता. मुलगा चांगला आहे, कुत्र्यांना भीत नाही, असं तिनेच सांगितलं आणि तोंड फिरवलं. त्याने खंड्याच्या मानेवर हात ठेवला.

"आणि... आता विचारलं तर?"

ती हळूच म्हणाली, "आता नको विचारूस. विचारलंस तर मला उत्तर द्यावं लागेल."

त्याने विचारलं नाही. चष्मा डबीत घालून तिच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं.

तिचं ऐकलं म्हणून तो गप्प राहिला, की पुन्हा घाबरला म्हणून, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.