पाच प्रश्न आणि खालचा पडदा

साल दोन हजार चोवीस. मार्चमधला दुसरा बुधवार. सकाळी साडेनऊला बाईंचा फोन वाजला आणि पलीकडून संस्थेचे चिटणीस म्हणाले, "बाई, पेपर फुटला. लगेच या."

बाईंनी आधी गॅस बंद केला. मग विचारलं, "कुठला?"

"शेवटच्या वर्षाचा. शनिवारी परीक्षा आहे. पाच वाजता कार्यकारिणी बसतेय. तोवर गुन्हेगाराचं नाव हवं."

"कुणाचंही चालेल, की खऱ्याचं हवं?"

चिटणीस नुसतेच खोकले.

बाईंनी एकतीस वर्षं त्या संस्थेचा परीक्षा विभाग सांभाळला होता. तेव्हा पेपर हातानं लिहून यायचा. बाई स्वतः मेणकागदावर तो कोरायच्या, स्वतः छपाईच्या सायक्लोस्टाइल यंत्राचा दांडा फिरवायच्या आणि काम झालं की मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात मेणकागद जाळून राख थंड होईपर्यंत तिथंच उभ्या राहायच्या. एकतीस वर्षांत एक ओळ बाहेर गेली नव्हती. निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत संस्थेतून कुणी "कशा आहात" म्हणून विचारलं नव्हतं. आता पाणी गळ्याशी आलं, तेव्हा बाई आठवल्या.

तरी त्या गेल्या. राग वेगळा, पेपर वेगळा.

चिटणीसांनी मोबाइल पुढे केला. कुणा पालकानं सकाळी सातला पाठवलेलं चित्र. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाइल नाकाशी नेला.

पहिले पाच प्रश्न, स्वच्छ. चित्र आडवं, रुंदीला भरपूर, उंचीला बेतास बात. कुठं तिरकेपणा नाही, दिव्याची चमक नाही, बोटाची सावली नाही. सहाव्या प्रश्नाची मात्र नुसती शिरोरेघ आणि तिच्याखाली अक्षरांचे खांदे. पुढं सुरीनं कापल्यासारखं सगळं बंद.

"पेपरात एकूण प्रश्न किती?"

"आठ. आणि बाई, फार खोलात जायला नको. विभागप्रमुखांनी सकाळी आठलाच, मी कुणाला चित्र दाखवायच्या आधीच, मला फोन करून नाव सांगितलंय. त्यांची टंकलेखिका. पेपर त्यांच्या लॅपटॉपवर होता, तिनंच टाइप केला. मोबाइलनं फोटो काढला असणार. बडतर्फीचं पत्र तयार आहे, फक्त सही राहिलीय."

पत्र टेबलावरच होतं. 'गोपनीयतेचा भंग' हे शब्द ठळक केलेले. ती मुलगी ग्रंथपालाची पदविका करत होती आणि परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. हा शेरा बसला की कुठल्याही ग्रंथालयात तिला कपाटाची किल्ली कुणी देणार नव्हतं.

"पाचपर्यंत सही करू नका," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

विभागप्रमुखांना सगळी संस्था पाठीमागे 'दोनपडदे' म्हणायची. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी कार्यकारिणीपुढे चाळीस मिनिटं भाषण ठोकून तो लॅपटॉप मिळवला होता. वर एक पडदा, खाली एक पडदा, आणि खालच्यावर चुंबकानं बसणारा सुटा कळफलक. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत ते सांगायचे, "मी एका वेळी दोन कामं करतो." त्यांचं एक काम झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"या बाई, या! तुमच्या काळात नव्हतं हो असलं काही."

"नव्हतं. आणि पेपरही फुटत नव्हते."

दोनपडदे हसले. हसताना त्यांनी टेबलावरचा चौकटीचा मोठा नॅपकिन उचलला आणि लॅपटॉपच्या खालच्या पडद्यावर पसरला. अर्धा पडदा कळफलकाखाली होता, उरलेला अर्धा नॅपकिनखाली गेला.

"हे काय?"

"धूळ बसते. शिवाय आपलं खासगी काही असतं खाली. वर कामाचं, खाली खासगी. शिस्त लागते बाई या यंत्राला."

"पेपर कधी पुरा झाला?"

"काल, मंगळवारी. पाच वाजता. मीच तिला म्हटलं, बंद करू नकोस, तसाच खाली राहू दे, मी नजर घालतो."

"घातलीत?"

"अर्थात. आठ वाजता. मग बंद केला."

"पाच ते आठ काय चाललं होतं?"

"चिंतन."

"दार लावून?"

"दार उघडं ठेवून चिंतन होतं का बाई!"

बाईंनी खोलीवरून नजर फिरवली. खोलीतली झाडून सगळी पुस्तकं खुर्चीच्या पाठीमागे मांडलेली, बाकीच्या भिंती उघड्या. टेबलावर एक गोल दिवा, खुर्चीत बसणाऱ्याच्या तोंडावर रोखलेला. एवढ्या उजेडात हा माणूस चिंतन करतो. तोंडाचं करत असेल.

"हा कळफलक निघतो ना?" बाईंनी विचारलं.

"निघतो म्हणे. ती पोरगी काढते. मी नाही असल्या खेळात पडत."

टंकलेखिका जिन्याखालच्या खोलीत बसली होती. डोळे कोरडे, ओठ घट्ट.

"रडलीस का?"

"नाही. अभ्यास राहिलाय, रडायला वेळ कुठला?"

बाईंना मुलगी आवडली. त्यांनी लॅपटॉप मागवून घेतला. दोनपडदे कुरकुरले, पण आधी वरचं-खालचं सगळं मिटवून त्यांनी तो दिला. "तू काम कशी करतेस ते मला करून दाखव," बाई म्हणाल्या.

मुलीनं कळफलक उचलून टेबलावर ठेवला. लॅपटॉप पाठीमागच्या टेकूवर उभा केला. दोन्ही पडदे शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक.

"वर सरांचं हस्ताक्षर, खाली माझं टाइप केलेलं. मान वळवावी लागत नाही, ओळ चुकत नाही. जेवणाच्या सुट्टीत वर पुस्तक लावते, खाली टिपणं काढते. सरांनीच परवानगी दिली होती. आता तेच विरोधात सांगतायत, ही रोज यंत्रावर काहीतरी करत असते म्हणून."

"आणि घरी जाताना?"

"कळफलक पुन्हा खालच्या पडद्यावर बसवते. नाहीतर सर ओरडतात, मोडलंस म्हणून. बघा."

तिनं तो बसवला. खालच्या पडद्याचा निम्मा भाग विझला. तिथलं टिपण आपोआप वरच्या निम्म्यात सरकलं. सगळं मावेना म्हणून शेवटची ओळ मधोमध कापली गेली.

बाई त्या कापलेल्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"काल पाचला पेपर खालीच उघडा ठेवलास?"

"सरांनी सांगितलं म्हणून. कळफलक बसवला आणि गेले. पावणेसहाची बस असते माझी."

"फोटो काढलास?"

"आजी, आठही प्रश्न मी टाइप केलेत. मला तोंडपाठ आहेत. फोटो कशाला काढू?"

"आजी नको, बाई म्हण. आजी मी घरी आहे."

जिन्यावर सफाईवाल्या मावशी पायरी पुसत होत्या. बाईंना बघून त्यांनी फडकं टाकलं. "बाई! आलात? आता या लोकांची खोड मोडेल."

"मावशी, संध्याकाळी साहेबांच्या खोलीत कोण असतं?"

"कुणी नसतं. मंगळवारी आणि गुरुवारी सहा ते सात आतून कडी. पांढरा उजेड दाराखालून बाहेर येतो. साहेब एकटेच बोलतात, एकटेच हसतात. मधेच विचारतात, 'ऐकू येतंय ना?' मी एकदा बाहेरून म्हटलं, येतंय साहेब! तर खवळले माझ्यावर."

बाई खूप दिवसांनी मनापासून हसल्या.

साडेचारला त्यांनी सगळ्यांना विभागप्रमुखांच्या खोलीत जमवलं. लॅपटॉप आपल्या जागी, कळफलक त्यावर बसलेला. दोनपडदे खुर्चीत, खालचं खासगी पुन्हा उघडून नॅपकिनखाली झाकलेलं. चिटणीस समोर, हातात मोबाइल. टंकलेखिका भिंतीशी. मावशी दारात, बोलावलेलं नसताना.

"साहेब," बाई गोड आवाजात म्हणाल्या, "कार्यकारिणीतले दोघे परगावी आहेत. त्यांना तुमचा कारभार लांबून दाखवायचाय. विभागाचं वेळापत्रक लावा आणि पडदा चिटणीसांच्या मोबाइलवर दाखवा. तुम्हाला जमेल ना? की हिला सांगू?"

"हिला? हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ!"

खरंच होतं. कळफलक काढता न येणाऱ्या त्या माणसानं तीन टिचक्यांत व्हिडिओ जोडला, गोल दिवा लावला, केस सारखे केले आणि वेळापत्रक वरच्या पडद्यावर उघडलं. नॅपकिन खालच्या पडद्यावर नीट पसरला. 'पडदा दाखवा' दाबलं. यंत्रानं विचारलं, पहिला की दुसरा? खालचा पहिला, वरचा दुसरा, या हिशेबानं त्यांनी विचार न करता दुसरा दाबला.

"दिसतंय ना? ऐकू येतंय ना?"

दारात मावशींनी तोंडाला पदर लावला.

"वेळापत्रक कुठंय?" चिटणीस म्हणाले.

"हे काय समोर! सोमवार, मंगळवार..."

"इथं वेळापत्रक नाही. 'सायंवर्ग' लिहिलंय. खाली पोरांची नावं, हजेरीच्या खुणा. बारा नावं दिसतायत आणि तेराव्याचं... तेराव्याचं अर्धंच."

दोनपडद्यांनी नॅपकिन उचलला, खाली पाहिलं आणि पुन्हा झाकला. जणू आता झाकून काही होणार होतं!

"राहू दे झाकलेला," बाई म्हणाल्या. "यंत्राला नॅपकिन कळत नाही. आपण डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराला हसतो. ते निदान स्वतःचे डोळे मिटतं. तुम्ही पडद्याचे मिटलेत."

"बाई, मला समजेल असं सांगा," चिटणीस म्हणाले.

"सांगते. सकाळचं चित्र मोबाइलनं काढलेला फोटो नव्हता. पडद्याच्या काचेसमोर मोबाइल धरून फोटो काढला तर चमक येते, कडा तिरप्या होतात. हे पडद्यावरचं जसंच्या तसं उचललेलं होतं. आता ते उचलणारा कोण? ही पोरगी? हिच्याजवळ आठही प्रश्न होते. सगळं घर मोकळं असताना चोर उंबऱ्यावरची चप्पल घेऊन पळतो का? पाचच प्रश्न उचलणाऱ्याला पाचच दिसत होते आणि पान खाली सरकवणं त्याच्या हातात नव्हतं. म्हणजे तो या खोलीत नव्हताच. त्याला लांबून कुणीतरी दाखवत होतं."

"आणि सहावा अर्धा का?"

"कळफलक बसवला की खालचा पडदा निम्मा उरतो. ही तो पाचला बसवून गेली. म्हणजे चित्र पाचनंतरचं. पाचनंतर खोलीत एकटे कोण? सहा ते सात कडी लावून, तोंडावर दिवा घेऊन, पाठीमागे पुस्तकांची आरास मांडून 'ऐकू येतंय ना' कोण विचारत होतं? पगारी माणसानं खासगी शिकवणी घ्यायची नाही असा संस्थेचा नियम आहे. म्हणून कडी. वर धडा लावला, खालचा पेपर नॅपकिनखाली झाकला आणि दाखवताना दुसरा पडदा दाबला. तासभर यांनी धडा वाचून दाखवला. पोरं तासभर पेपर बघत बसली."

"चूक झाली!" दोनपडदे ओरडले. "साधी चूक! माणसाच्या हातून होते."

"होते. तुझ्या हातून पूर्वीही झाली होती." बाईंचं 'तुम्ही' गळून पडलं. "नवा होतास तेव्हा मेणकागद टोपलीत टाकून गेला होतास. मी तो उचलला, जाळला आणि कुणाला बोलले नाही. आज त्याचा पस्तावा होतोय. खरं सांग, चूक झाली हे तुला कधी कळलं?"

दोनपडद्यांनी गोल दिवा विझवला.

"सकाळी आठला चिटणीसांना फोन केलास आणि चित्र न बघताच हिचं नाव सांगितलंस. त्याच्या आधीच कळलं होतं तुला. कसं?"

खालमानेनं उत्तर आलं. "पोरांनी आभार मानले. काल साडेसातलाच. 'सर, महत्त्वाचे प्रश्न दाखवल्याबद्दल धन्यवाद. राहिलेले तीन गुरुवारी दाखवाल का?'"

टंकलेखिका भिंतीपासून पुढे आली. "म्हणजे मी सकाळी तुम्हाला नमस्कार केला तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

तो माणूस तिच्याकडे बघेना. वरच्या पडद्यावरच्या वेळापत्रकाकडे बघत राहिला.

"चूक माफ करता येते," बाई म्हणाल्या. "हे नाही."

पाच वाजता चिटणीसांनी बडतर्फीचं पत्र फाडलं. नवे प्रश्न दुसऱ्या शिक्षकांकडून काढून घेऊन बाईंनी त्याच दिवशी पेपर हातानं लिहिला आणि शनिवारी परीक्षा ठरल्या वेळेला झाली. सायंवर्गाच्या यादीत एकूण एकोणीस पोरं होती, त्यांतली अकरा नापास झाली. उरलेली आठ मुळात हुशार होती. ती शिकवणीला का जात होती, देव जाणे.

दोनपडद्यांना काढून टाकण्याची हिंमत संस्थेला झाली नाही. त्यांनी प्रकृतीच्या कारणानं निवृत्ती घेतली. निरोपाला हार घातला, भाषणं झाली, त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक झालं. आता ते उघडपणे शिकवणी घेतात. गर्दी असते म्हणे. मावशी अजून जिने पुसतात आणि नव्या साहेबांची खबर बाईंना देतात. लॅपटॉप ग्रंथालयात गेला. तिथं पोरं वर पुस्तक आणि खाली वही उघडून बसतात, जसं तो बनवणाऱ्याच्या मनात असावं.

टंकलेखिकेनं मे महिन्यात पदविकेची परीक्षा दिली आणि ती पहिल्या वर्गात पास झाली. दुसऱ्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात लागली. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या तिच्याकडे आहेत. संस्थेनं तिला 'कोणताही ठपका नाही' असं दीड ओळीचं पत्र दिलं. माफी मागितली नाही. तशी पद्धत नाही, असं चिटणीस म्हणाले.

ती माफीची वाट बघत थांबली नाही. तिला पुष्कळ कामं आहेत. बाईंना फारशी कामं नाहीत. त्यामुळं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेनऊला, त्या चिटणीसांना फोन करून विचारतात, "पद्धत सुरू झाली का?"