पूजेला बसलेले कॅमशाफ्ट

विषय : सील केलेले इंजिन उघडण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : श्री. दुरैसामी, मेकॅनिक, सिंगानल्लूर, कोइम्बतूर यांचा दि. १२ ऑक्टोबर २०२४ रोजीचा अर्ज. आवक वेळ रात्री ११.४०.

दिवे गेले तर जाऊ द्या, पोरांनो. हा कागद मला तोंडपाठ आहे. मोटार क्लबाच्या कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली, पण रात्री पावणेबाराला अर्ज घेऊन आलेला माणूस हा एकच. दुरैसामीला मी वीस वर्षं ओळखतो. खोटं बोलायला थोडी कल्पनाशक्ती लागते, ती त्याच्याकडे नाही. तेव्हा त्याने सांगितलं तसंच सांगतो.

दुरैसामीचा मुलगा मुगिलन शर्यतीची गाडी चालवायचा. त्या रविवारी सकाळी नऊला शर्यत होती. पहिल्या तिघांत आला तर चेन्नईच्या एका संघात जागा मिळणार होती. त्या संघाला तेविशीच्या आतली पोरं हवी होती आणि मुगिलनला डिसेंबरात चोविसावं लागणार होतं. म्हणजे ही शेवटची संधी. आणि गुरुवारी सरावात नेमका कॅमशाफ्ट मोडला.

कॅमशाफ्ट हा इंजिनाच्या डोक्यात फिरणारा दांडा; या इंजिनात असे दोन, आणि ते जोडीनेच बदलायचे. त्याच्यावरच्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडतात, तेव्हा इंजिन श्वास घेतं. शर्यतीसाठी ते उंचवटे वेगळ्या मापाने घासावे लागतात आणि ते वेलुच्चामी या जुन्या कारागिरानेच घासावेत, असं गावात मानायचे. वेलुच्चामी जुलैत वारला होता. त्याने स्वतःच्या गाडीत वापरलेली एक जोडी तेवढी मागे राहिली होती. त्याची बायको कण्णम्माळ ती द्यायला तयार झाली, दुरैसामीने पैसे पोचते केले, आणि शुक्रवारी, ११ तारखेला, रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी तो ती आणायला गेला.

शुक्रवारी आयुधपूजा होती. म्हणजे आपली खंडेनवमी. वेलुच्चामीची शेड झाडून लख्ख केलेली. पान्यांना, कानशींना, लोखंड आवळून धरायच्या शेगड्याला गंध लावलेलं. मधोमध पाटावर, वर्तमानपत्राच्या घडीवर ते दोन कॅमशाफ्ट, आणि प्रत्येक उंचवट्यावर कुंकवाचा टिळा. समोर समई.

"ये तंबी, बस. सुंडल खाऊन जा," कण्णम्माळ म्हणाली.

"खातो, अम्मा. पण आधी ते दोन..."

"आज? पूजेला बसलेलं हत्यार उठवतात होय रे? मेकॅनिक ना तू, की बँकेत लागलास?"

"सकाळी आठला तपासणी आहे, अम्मा. रात्रीतच बसवायला हवेत."

"सकाळी पूजा उठली की ने. ते स्वतः काढून देतील."

"ते कोण?"

म्हातारीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याने स्वतःच्याच बापाचं नाव विचारलं. मग ती सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, आणायला आत गेली.

दुरैसामी पूजेच्या रात्री स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा उचलत नाही. त्या रात्री त्याने वेलुच्चामीचे कॅमशाफ्ट उचलले. वाटी घेऊन म्हातारी बाहेर येईपर्यंत त्याची स्कूटर गल्लीच्या टोकाला पोचली होती.

बसवताना त्याने कुंकू पेट्रोलने पुसलं. गेलं नाही. पुन्हा पुसलं. मग पुसायचं सोडलं आणि वर झाकण घट्ट केलं.

शनिवारी सकाळी तपासणी झाली. तपासनिसाने झाकण उघडून उंचवटे मोजले, दांड्यांवर ठोकलेला नंबर, व्ही-सतरा, कागदावर उतरवला आणि झाकण बंद करून तार ओवून शिशाचं सील लावलं. तो कागद मी फाइलला लावला, या हाताने. दुपारी मुगिलन चाचणीची फेरी मारून आला तो खुशीत.

"अप्पा, कुठून पैदा केलेत? पाय काढला तरी ओढते गाडी!"

"पाय काढला तरी?"

"जरा उत्साही आहे. तुमच्यासारखी नाही."

दुरैसामीने ॲक्सिलरेटरची वायर पाहिली, पेडल पाहिलं. सगळं ठाकठीक. आता दोष असला तर सीलच्या आत. आणि पाय काढल्यावरही ओढणारी गाडी वळणावर काय करते, ते त्याने दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा अंत्ययात्रेलाही गेला होता.

सहा वाजता सगळ्या गाड्या कुंपणाच्या आवारात गेल्या. कुलूप लागलं. नियमच आहे तो.

रात्री अकराला दुरैसामी कुंपणाशी उभा.

"घरी जा, अण्णे," वॉचमन म्हणाला. "तुझी गाडी काय पळून जाते?" आणि तो चहाकडे वळला.

आवारात अठरा गाड्या. सगळ्या काळ्या. वारा नाही.

मग एका गाडीपाशी उजेड दिसला. लहान. समईएवढा.

टिक... टिक.

दुरैसामी कुंपणाच्या जाळीला चिकटला. कुठलाही बोल्ट सोडवायच्या आधी त्यावर पान्याने दोनदा टिचकी मारायची. ही सवय कोइम्बतुरात एकाच माणसाची होती.

टिक... टिक.

घाई नाही. बोल्टामागून बोल्ट.

त्याने हाक मारायला तोंड उघडलं. कोणाला मारणार? कोणत्या नावाने...

"अण्णे," त्याला एवढंच जमलं. "पोराला काही करू नका."

टिचकी थांबली.

उजेड वर झाला. चेहऱ्याच्या उंचीला. त्यामागे चेहरा...

उजेड विझला.

शर्यतीच्या आदल्या रात्री कचेरी उघडी असायची. अकरा चाळीसला तो माझ्या टेबलाशी होता. अर्जात कारणाचा रकाना असतो. त्यात त्याने लिहिलं : वस्तू पूजेतून उचलली आहे, परत ठेवायची आहे. मी म्हटलं, "दुरै, या कारणाला नियम नाही."

"सार, कुलूप उघडा फक्त."

मुख्य तपासनीस दसऱ्याला गावी गेलेले. येणार रविवारी दहाला. शर्यत नऊला. मी आवक शिक्का मारला. माझ्या अधिकारात तेवढंच होतं.

सकाळी त्याने मुलाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "उतरू नकोस रे आज."

"अप्पा, जन्मभर मला म्हणालात, ब्रेक कमी दाब. आज तुम्हीच दाबताय?"

लाल दिवे विझले, शर्यत सुरू. सतरा गाड्या सुटल्या. मुगिलनची जागेवरच. स्टार्टर फिरत होता, फिरत होता. इंजिन श्वास घेत नव्हतं.

तो उतरला. हेल्मेट काढलंच नाही.

"रात्री कुंपणाशी होतात ना? वॉचमन सांगत होता."

"मी हात लावला नाही, मुगिला."

"मग कोणी लावला?"

 दुरैसामीकडे नाव होतं. ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी तो कण्णम्माळकडे गेला. ती दारातच म्हणाली, "काल सकाळी ने म्हटलं होतं ना? मी वाट बघून थकले. ते बघ, तसेच आहेत."

पाटावर दोन कॅमशाफ्ट होते. नंबर व्ही-सतरा. उंचवट्यांवर कुंकू, ताजं, कोरडं. खालचं वर्तमानपत्र तेलाने भिजलेलं. दुरैसामीने हात लावला आणि मागे घेतला.

दांडे गरम होते.

मुगिलनने वडिलांविरुद्ध घातपाताची तक्रार दिली, म्हणून इंजिन पुरावा ठरलं आणि क्लबाच्या गोदामात गेलं. झाकण उघडलं तर आत काय आहे, काय नाही, ते पोराला दिसेल, एवढंच दुरैसामीचं म्हणणं. त्याने तोच अर्ज पुढे चालू ठेवला. समितीचा शेरा असा : सील शाबूत आहे, आत व्ही-सतरा असल्याची नोंद आहे, सबब उघडण्याचे कारण दिसत नाही, तरी अर्जदाराने कारण सुधारून द्यावे. त्याने तीनदा सुधारलं. तिन्ही वेळा तेच लिहिलं.

मुगिलन तिरुप्पूरला गिरणीत आहे. वडिलांचा फोन घेत नाही. मी मे महिन्यात निवृत्त झालो, तेव्हा फाइल पुढच्या कारकुनाच्या ताब्यात दिली.

अर्ज प्रलंबित आहे.