रोखून धरलेला श्वास

वर्गात तिला सगळे चिमणी म्हणत, कारण तिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतही पोचत नसे. एक्स-रे तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमातलं बाकी सगळं तिला येत होतं. हाडांची नावं तोंडपाठ, हात स्थिर. पण प्रात्यक्षिकात ती दोनदा नापास झाली होती. ‘श्वास घ्या, रोखा’ हे तिचं बोलणं रुग्णाला ऐकूच गेलं नव्हतं आणि छातीचे फोटो हलले होते. आजची संधी शेवटची. हुकली की वर्ष पाण्यात. आणि आईनं तर लेक नोकरीला लागणार म्हणून सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

बाहेर टळटळीत दुपार होती, पण तळघरातल्या त्या खोलीला दुपार ठाऊकच नव्हती. एक पिवळट दिवा, स्पिरिटचा वास आणि यंत्राची बारीक घरघर.

रुग्ण होते एक निवृत्त बस ड्रायव्हर. रुंद पाठीचे, खोकल्यानं बेजार झालेले.

“फोटो झकास काढ हं पोरी. या वयात स्थळं यायची बंद झालीत माझी.”

ती हसली, पण तळहात ओलेच होते. तिनं काकांची छाती यंत्राच्या काळ्या, काचेसारख्या चकचकीत प्लेटला टेकवली, खांदे पुढे वळवले, खोलीत दुसरं कोणी नाही हे नियमाप्रमाणे पाहिलं आणि बाहेर आली. दार लावलं. किरण अडवणाऱ्या शिशाच्या काचेमागे परीक्षक मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. कडक बाई, पण कुणाचं वाईट चिंतणाऱ्या नव्हेत.

चिमणीनं माइकचं बटण दाबलं. “काका, श्वास घ्या…”

स्पीकरमधून श्वास ऐकू आला. जड, घरघरता. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा… पातळ, छोटासा.

तिचं बोट बटणावर घुटमळलं. पण थांबायची सोय नव्हती. “रोखा.” फोटो निघाला. “सोडा.”

सुटला तो एकच श्वास. जड, घरघरता.

पडद्यावर फोटो आला. स्वच्छ, न हललेला. त्यात फक्त काकांची छाती होती.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “पास.”

काका शर्टाची बटणं लावत बाहेर आले, जाता जाता दारात थबकले. “त्या लेकरालाही सांग गं आता. बिचारं अजून श्वास रोखून उभं आहे.”

“कुठलं लेकरू, काका?”

“माझ्या पोटाशी होतं ना, प्लेटच्या खालच्या कडेला तोंड लावून? मला वाटलं, दोघांचा एकदमच काढताय.” आणि ते खोकत निघून गेले.

काचेपलीकडे खोली रिकामी होती. फोटो काढताना आत दुसरं माणूस असणं म्हणजे सरळ नापास. गप्प बसावं, तर कुणालाच कळणार नव्हतं. पण तो छोटा श्वास तिच्या कानातून जाईना.

“मॅडम… दोन श्वास आले होते. एकच सुटला.”

मॅडमनी चष्मा काढला. काचेपलीकडच्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं.

“मलाही ऐकू आलं होतं,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “मला वाटलं, माझेच कान…” त्यांनी माइक तिच्याकडे सरकवला. “तू सांगितलंस म्हणून त्यानं रोखलाय. तूच सांग. मोठ्यानं.”

“सोडा,” चिमणी म्हणाली. काहीच नाही. यंत्राची घरघर तेवढी.

मग तिनं असतील नसतील तेवढे प्राण आवाजात ओतले. “सोड, बाळा! झालं आता. सोड!”

स्पीकरमधून उच्छ्वास सुटला. लांब… अजून लांब… एवढ्याशा छातीत मावूच नये इतका. मग थांबला.

दोघी खुर्च्यांत कोसळल्या. चिमणीला रडू फुटलं, मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “झालं गं, सुटलं. चल, प्लेट पुसून घेऊ, म्हणजे दिवा मालवता येईल.”

मॅडम दारात उभ्या राहिल्या, चिमणी कापड घेऊन आत गेली. प्लेटच्या खालच्या कडेशी वाफेचा एक गोल डाग होता, लहानग्या तोंडाएवढा. तिनं पुसला. तो गेला नाही. तिनं जोर लावून पुसला.

डाग प्लेटच्या आतल्या बाजूनं होता. आणि तिच्या डोळ्यांदेखत तो पुसट होत होता, पुन्हा गडद होत होता… पुसट… पुन्हा गडद.